तीनशे मीटर

खुर्ची भिंतीला टेकवलेली, बिनहातांची,
उंची ठरलेली: बेचाळीस सेंटिमीटर.
"हात छातीवर घ्या, बेरिल.
उठायचं, बसायचं. पाच वेळा. भरभर."
"चर्चमध्ये याहून जास्त करते मी,
आणि तिथे कुणी घड्याळ लावून बसत नाही."

एकोणीस सेकंद.
चौथ्या खेपेला मांड्या थरथरल्या.
थरथरीला रकाना नाही, लिहिली नाही.

मग मुठीचं यंत्र.
या मुठीत चौतीस वर्षं सुरी होती,
ग्रिम्सबीच्या गोदीवर, बोटं बर्फात,
हॅडॉकचा काटा एका ओढीत मोकळा.
उजवा हात चौदा किलो.
डावा मोजत नाही आम्ही. तिथे फिस्टुला आहे,
कातडीखाली रक्त मांजरासारखं गुरगुरतं.
तिने आकड्याकडे पाहिलं
जन्मभर तराजूकडे पाहिलेल्या नजरेनं.
"मापात पाप नाही ना, पोरी?"
नाही, बेरिल.
"मग पाप असतं तर बरं झालं असतं."

एक जिना चढताना त्रास होतो का?
खूप, थोडा, अजिबात नाही.
"कुठला जिना? सोमवारचा की मंगळवारचा?
सोमवारी डायलिसिसहून आले की
रांगत्या मुलासारखी चढते, हात टेकत.
मंगळवारी धुण्याची टोपली घेऊन जाते.
रविवारी विचारूच नकोस,
रविवारी पाय बुटात जात नाहीत."
मी 'थोडा' वर खूण केली.
तोळामासा जिवाची सरासरी काढायची,
यालाच मला पगार मिळतो.

शेवटी चालणं.
दोन नारिंगी शंकू, मध्ये तीस मीटर कॉरिडॉर,
सहा मिनिटं.
मला ठरलेलीच वाक्यं बोलायची परवानगी:
"छान चाललंय. पाच मिनिटं उरली."
"छान चाललंय. चार मिनिटं उरली."
"पोपट पाळलाय का गं हॉस्पिटलनं?"
आग विझवायच्या नळकांड्याशी ती थांबली,
भिंतीला खांदा लावून.
घड्याळ थांबवायचं नसतं.

दोनशे चौसष्ट.

"आमच्या दारापासून बसचा थांबा तीनशे,"
ती म्हणाली. "थांबा पुढे सरकवला तेव्हा
रेगनं बागेच्या टेपनं मोजून तक्रार केली होती.
नगरपालिकेनं कळवलं:
अंतर चालण्याजोगं आहे.
रेग गेला. पत्र आहे अजून, कपबशांच्या मागे."

छत्तीस मीटर कमी.

तीन महिने तिने पेडल मारले,
डायलिसिसच्या खुर्चीला जोडलेले.
रक्त बाहेर फिरून येतंय,
पाय जागच्या जागी फिरतायत,
खिडकीबाहेर गाड्यांचा तळ, एक सीगल
कुणाचा तरी सँडविच फाडतोय.
कधी पेटके आले, कधी रक्तदाब कोसळला,
एकदा तिने मला दिल्या त्या शिव्या
गोदीवरच शिकायला मिळतात.

पुन्हा शंकू. पुन्हा पोपट.
दोनशे एक्क्याण्णव.
या वेळी नळकांड्याशी थांबली नाही.
मी हरखून म्हटलं, "नऊच उरले, बेरिल!"

"कसले नऊ? मी रोज जाते की बसनं.
साडेनऊच्या गाडीवर दारियुस असतो,
तो लिथुआनियाचा, भुवया जाड.
मी भिंतीला टेकलेली दिसले
की तिथेच गाडी उभी करतो.
नियमात बसत नाही म्हणे. कुणाला सांगू नको."

छत्तीस होते तेव्हाही?
"तेव्हाही."
मग हे पेडल, हे पेटके कशाला?
तिने बुटाची नाडी ओढली, श्वास घेतला,
दुसरी ओढली.
"त्याला वेळापत्रक असतं ना, पोरी."

फॉर्मवर विचारलं होतं:
चालताना वापरलेलं साधन. काठी, वॉकर, इतर.
'इतर' पुढे मी 'बस' लिहिलं
आणि लगेच खोडलं, शब्द दिला होता.
ती विचारत होती, चहा मिळेल का.
अर्धा कप.
तोही मोजूनच.